सुकवणीचा कागद

तेलंगणातल्या आदिलाबादच्या बाहेर कापसाची सरकी काढणाऱ्या जिनिंग मिलांची रांग संपते तिथं सुधाकररावांचा पत्र्याचा कारखाना आहे. दवाखान्यात जखमेवर लावायचा कापूस तिथं तयार होतो. सरकी काढलेला कापूस मोठ्या हंड्यात उकळायचा, पांढरा करायचा, धुवायचा, यंत्रात सुकवायचा आणि पिंजून त्याच्या गुंडाळ्या बांधायच्या. वृषाली इथं सात वर्षांपूर्वी कारकून म्हणून लागली. तिची आई चंद्रभागा जैनथकडच्या गावात लोकांच्या रानात कापूस वेचायची. त्याच मजुरीवर तिनं लेकीला शहरात ठेवलं, बी.एस्सी. केलं. वृषालीची शाळा तेलुगूत झाली, घरी मराठी, कचेरीत इंग्रजी. तिन्हींत तिचा हात सारखाच चालायचा.

दोन वर्षांपूर्वी हैदराबादच्या एका मोठ्या दवाखान्याचं पत्र आलं : यापुढे आयएसओ नऊ हजार एकचं, म्हणजे कामाच्या दर्जाचं, प्रमाणपत्र असेल त्याच्याचकडून माल घेऊ. सुधाकररावांचा निम्मा माल त्या दवाखान्याला जायचा. त्यांनी घाईघाईनं एक सल्लागार गाठला. तो चारचाकीतून आला, कामाच्या लेखी रीतींची जाडजूड फाइल टेबलावर ठेवून म्हणाला, "इसमें बस कंपनी का नाम बदल दो." फाइल कुठल्यातरी भलत्याच कारखान्याची होती. एका पानावर तर औषधाच्या गोळ्या मोजायची रीत तशीच राहून गेली होती.

सुधाकररावांनी फाइल वृषालीकडं सरकवली. "आजपासून ह्या कामाची जिम्मेदारी तुझी."

वृषालीनं गोळ्यांचं पान काढून टाकलं, बाकीच्या पानांचं मराठी आणि तेलुगू केलं आणि प्रत्येक खात्याच्या भिंतीवर चिकटवलं. ह्या कामात आपण नवख्या, फाइल करणारा जाणता असेल, असं तिला वाटलं.

सुकवणीच्या यंत्रावर मारोतराव होते. बावीस वर्षं त्याच जागी. त्यांनी कागदावर बोट ठेवून एकेक अक्षर वाचलं.

"ताई, हे एकशे दहा डिग्री कोनं सांगतलं?"

"कागदात आहे, काका."

"मी तं थर्मामीटरचा काटा नव्वदच्या वर जाऊच नाई देत."

"काऊन?"

मारोतरावांनी यंत्रातून निघालेला चिमूटभर कापूस कानाजवळ धरून दोन बोटांत चुरला. "हे पाहा, कुरकुर आवाज येऊन राह्यला. आवाज आला का कापूस झाला. त्याच्यावर गरमी देली तं खराब होते."

वृषालीला हसू आलं. "काका, प्रमाणपत्राची तपासणी होईस्तोवर कागदाप्रमाणं चालू द्या." मारोतरावांनी मान हलवली आणि काटा एकशे दहावर नेला.

दुसऱ्या दिवशी दुपारी पिंजणीवरच्या बायकांनी ओरड केली. कापूस पिवळा पडला होता, आणि त्याला करपल्यासारखा वास येत होता. सुधाकरराव धावत आले आणि सगळ्यांदेखत मारोतरावांवर तुटून पडले. "बावीस वर्षं झाली, अजून कापूस सुकवता येत नाई तुमाले?"

मारोतराव एवढंच म्हणाले, "कागदात हाय तेच केलं, सायेब." मग खांद्यावरचं उपरणं झटकून ते बाहेर लाकडाच्या ढिगावर जाऊन बसले. बावीस वर्षांत त्यांना असं कुणी बोललं नव्हतं.

वृषाली तिथंच उभी होती. कागद तिनं चिकटवला होता आणि बोलणी दुसऱ्यानं खाल्ली होती. पण नुसतं वाईट वाटून घेऊन बसणाऱ्यातली ती नव्हती. तिचं डोकं एकाच ठिकाणी अडकलं : एकशे दहाला कापूस करपायला नको. इतकं रसायनशास्त्र तिला येत होतं. मग करपला कसा?

तिनं यंत्र बंद करवलं, त्याचा लांब दांड्याचा थर्मामीटर काढून घेतला आणि चहाच्या खोलीत गेली. पातेल्यात पाणी खळखळ उकळवलं, दांडा त्यात बुडवला आणि काट्याकडं बघत राहिली. उकळत्या पाण्यात काट्यानं शंभराच्या जवळ जायला हवं. काटा चौऱ्याऐंशीवर थांबला. तिनं दांडा पुसून पुन्हा बुडवला. पुन्हा चौऱ्याऐंशी.

थर्मामीटर कमी दाखवत होता, कितीतरी वर्षांपासून. काटा नव्वदवर असताना यंत्र खरं शंभराच्या पुढं तापलेलं असायचं, आणि मारोतरावांचा कान ते बरोबर ओळखायचा. कागदाचं ऐकून काटा एकशे दहावर गेला, तेव्हा आतली गरमी पार हाताबाहेर गेली होती.

ती पातेलं तसंच ठेवून लाकडाच्या ढिगाशी गेली. "काका, तुमचं बरोबर होतं. थर्मामीटर खोटा आहे. मी तुम्हाला हसले, ते चुकलं माझं."

मारोतरावांनी उपरणं खांद्यावर नीट टाकलं. मग म्हणाले, "सायेबाले सांगा."

तिनं सुधाकररावांना चहाच्या खोलीत नेलं आणि काटा दाखवला. त्यांनी दांडा आपल्या हातानं पुन्हा बुडवून पाहिला. नंतर स्वतः बाहेर जाऊन मारोतरावांना हात धरून आत घेऊन आले. पण वृषालीनं चुकांची नोंदवही उघडली, तेव्हा ते दचकले.

"हे लिहितेस? बारा दिवसांवर तपासणी आली!"

"माल खराब झाला साहेब, तो आपण बाजूला काढला, कारण शोधलं. प्रमाणपत्राच्या नियमात हेच तर लिहायला सांगितलंय."

"अन् नापास केलं तं?"

"खोटी वही दाखवून पास होण्यापेक्षा ते परवडेल," वृषाली म्हणाली. तिनं लिहिलं : सूचना तपासून न पाहता लावली, चूक वृषालीची. खाली दस्तखत केलं.

नवा थर्मामीटर आला. नंतरचे दहा दिवस ती फाइल बाजूला ठेवून प्रत्येक खात्यात स्टूल टाकून बसली. काम करणाऱ्याला विचारायची, लिहायची, वाचून दाखवायची. मारोतरावांनी तिचं पान तीनदा परत केलं.

"'कापूस चांगला सुकल्यावर काढावा.' चांगला म्हंजे कसा? नवा मानूस आला तं त्याले काय समजन?"

मग तिनं लिहिलं : तापमान शंभर ते एकशे पाच. दर अर्ध्या तासाला चिमूटभर कापूस कानाजवळ चुरावा. कुरकुर आवाज आला की काढावा. पानाच्या तळाशी 'तयार करणारा' असा रकाना होता. त्यात तिनं मारोतरावांचं पूर्ण नाव घातलं आणि पेन त्यांच्या हातात दिला. त्यांनी शर्टाला हात पुसला, मग दस्तखत केलं.

तपासणीला हैदराबादहून एक बाई आल्या. चष्मा नाकावर, बोलणं मोजकं. त्यांनी नोंदवही चाळली आणि करपलेल्या कापसाच्या पानावर थांबल्या. मग सुकवणीचं नवं पान मागवून त्याच्या तळाचं नाव वाचलं.

"ये मारोतराव कौन हैं?"

मारोतराव पुढं आले. बाईंनी विचारलं, कापूस झाला हे कसं कळतं? त्यांनी चिमूट घेतली, बाईंच्या कानाजवळ धरली आणि चुरली. बाईंनी डोळे मिटून ऐकलं. मग दुसरी चिमूट स्वतः घेऊन चुरून पाहिली. जाताना त्यांनी एकच त्रुटी काढली : दोन जुन्या पानांवर तारीख नव्हती. वृषालीनं त्याच संध्याकाळी ती दुरुस्त केली.

दीड महिन्यानं प्रमाणपत्र आलं आणि दवाखान्याचा माल चालू राहिला. सुधाकररावांनी वृषालीला व्यवस्थापक केलं. पगार वाढला, पण तिच्या आईला त्याहून मोठी वाटली ती दारावरची लेकीच्या नावाची पाटी. चंद्रभागाबाई खास बसनं आल्या, पाटीवरून हात फिरवला आणि पिंजणीवरच्या बायकांजवळ बसून भाकर खाल्ली.

परवा भैंसा गावच्या एका जिनिंगवाल्यानं वृषालीला बोलावलं. त्यालाही प्रमाणपत्र हवं होतं. "मॅडम, फाइल किती दिवसांत द्याल?" त्यानं विचारलं.

"फाइल नंतर," वृषाली म्हणाली. "आधी मला सांगा, तुमच्याकडं यंत्रावर सगळ्यात जुनं माणूस कोण आहे?"