फोटोपुरता वर्ग

माझ्या शेजारच्या वर्गात कुंदाबाईंनी आईचा फोन आला म्हणून मोबाइल उचलला, आणि पहिलीची सगळी मुलं एकदम ताठ बसली. पुस्तकं उघडली गेली. कोपऱ्यात रडत बसलेल्या मुलीनंसुद्धा डोळे पुसले आणि ती हसायला लागली. शाळेत जे काही कराल त्याचा फोटो वर पाठवायचा असतो, हे आमच्या मुलांना अक्षरांच्या आधी कळतं.

"अरे, फोटो नाहीये!" बाई म्हणाल्या. कुणी हललं नाही.

पुढच्याच आठवड्यात त्यांनी राजीनामा दिला. स्टाफरूममध्ये कुणीतरी म्हणालं, "त्रास कुठल्या नोकरीत नसतो?" खरंच आहे. माझा भाऊ एसटीत कंडक्टर आहे, संध्याकाळी त्याचे पाय सुजलेले असतात. पण गाडी डेपोतच उभी ठेवून, प्रवासी गावाला पोचल्याचे फोटो काही त्याला काढावे लागत नाहीत.

शेवटच्या दिवशी बाई रिकाम्या वर्गात एकट्याच रडत बसल्या होत्या. मला तेव्हा काय सुचलं कोण जाणे, आठवण म्हणून मी मोबाइल वर धरला. तो दिसताच त्यांनी डोळे पुसले, खडू उचलला आणि फळ्याकडे बोट दाखवत त्या हसल्या.