गाड्यापुढची घोडी

आमच्याकडे घाटात, म्हणजे चढाच्या धावपट्टीवर, बैलगाड्याच्या शर्यतीत बैलांपुढे घोडी पळते. तिच्यावर स्वार असतो आणि बैल तिच्यामागे जीव तोडून धावतात. घोडी सरळ तर गाडा सरळ. ती बिचकली की संपलं. थोरल्या भावाच्या गाड्यापुढे आधी परक्याची घोडी असायची. मागच्या यात्रेआधी मी हट्ट धरला, घोडी माझी आणि स्वारही मीच. दादा म्हणाला, "बघ बाबा. घाटात लई गोंगाट असतो. चित्त टिकलं पायजे."

चार महिने मी दुसरं काही केलं नाही. येडगावच्या धरणाकडेच्या मोकळ्या रानात तिला माझ्या मांडीचा दाब तेवढा ओळखायला शिकवलं. मग मोबाईलवर हलगी आणि शर्यतीचं समालोचन लावून स्पीकर तिच्या कानाशी धरला. बेल्ह्याच्या बाजारात टेम्पोंच्या हॉर्नमध्ये उभी केली. पहिल्या खेपेला तिनं एका व्यापाऱ्याची मोटारसायकल आडवी केली, तिसऱ्या खेपेला डुलकी काढली. एकाग्रता काय ते माझ्या घोडीकडून शिका, असं मी गावभर सांगत सुटलो. बायको म्हणाली, "तुमी शिकलात का?" तिला टोमणे मारायची सवयच आहे, म्हणून मी लक्ष दिलं नाही.

यात्रेत आमची बारी आली. घोडी सुटली ती रेघ ओढल्यासारखी. अर्ध्या घाटात माईकवाल्यानं माझं नाव घेतलं, वर 'घोडीचे जादूगार' असंही काहीतरी म्हणाला. मी वळून त्याच्याकडे हात केला. त्याबरोबर मांडीही वळली. घोडी शिकवल्याप्रमाणे मांडीचं ऐकून उजवीकडे गेली, मागोमाग बैल, आणि दादाचा गाडा शेजारच्या मेथीत. मेथी सोडली तर कुणाला काही झालं नाही.

दादा रागावला असता तर बरं झालं असतं. तो बैलांच्या पाठीवरून हात फिरवत एवढंच म्हणाला, "घोडी तयार हाय. तू नाय."

यंदा त्यानं तिच्यावर पिंपरी पेंढारचा एक अबोल माणूस बसवला. मी कठड्याला धरून उभा राहिलो. खोटं कशाला सांगू, माझ्यावाचून ती एकदा तरी बावचळावी असं मनात होतं. ती समोरून जाताना मी तिला रोजची हाक मारली. सख्ख्या भावाच्या गाड्याशी हा दगा होता आणि तो मला हाक मारतानाच कळत होता.

तिचा कानसुद्धा हलला नाही. गाडा नाकासमोर वर गेला आणि दादानं बारी मारली. लोकांनी भंडारा उधळला, त्यात माझे डोळे भरून आले ते थांबेनात. शेजारचे पावणे पाठीवर थाप मारून म्हणाले, "भाऊ, आनंदाला आवरायचं नसतं राव."

मी हो म्हणालो.