वज्रदादाचा चौथा भाग

हसायचं न्हाय, असं आधी कबूल करा. मगच सांगतो. कारण मी माती खाल्ली ती साधीसुधी न्हाय, भर चौकात, आख्ख्या कोल्हापुरापुढं खाल्ली!

वज्रदादा म्हंजे आपल्या पिच्चरमधला गावरान सुपरहिरो. उडतो, विजा फेकतो. पहिला भाग तुफान चालला. दुसरा बरा गेला. तिसऱ्याला लोकं मध्यंतरात वडा खायला भाईर गेली, ती परत आलीच न्हाईत! तिन्हीचं निर्माते आप्पा, मुरगूडचं दूधवालं. त्यांनी मला बोलावलं.

"लेखकमहाराज, हा शेवटचा डाव. पडला तर वज्रदादा बंद आन् तुमचं लिवणंबी बंद."

"आप्पा, माझ्यावर सोडा. पोस्टरवर नाव तेवढं ठळक टाका."

नाव पायजेच होतं हो! नोकरी सोडून लेखक झालतो मी. बायकोनं सांगितलंतं, "ह्या बारीला पोस्टरवर नाव दिसलं न्हाय, तर आजऱ्याला माझ्या भावाकडं काजू सोलायला बसवीन!"

पण मला रोग कळलाच होता की! लोकं हिरोच्या उडण्याला कंटाळलीती. त्याला जमिनीवर आणायचा. दिवाळीच्या पाडव्याला आपल्याकडं म्हशी सजवून मिरवतात, मालक फटफटी पळवतो आन् म्हैस त्याच्या मागनं सुसाट सुटती. त्याच गर्दीत वज्रदादाची एन्ट्री! मागं म्हैस, भोवती खरी पब्लिक. विषयच हार्ड!

म्हैस ठरवली मारुतीमामांची, राणी. मामा म्हणाले, "पावणं, ती फकस्त माझ्या जुन्या गाडीचा आवाज वळखती. दुसऱ्या गाडीमागं पाऊल टाकायची न्हाय."

मी हसलो. "मामा, शिनेमा मला शिकवू नका. हिरो काय ह्या खटाऱ्यावर बसणार व्हय?"

कोरी करकरीत गाडी आणली. हिरो पाठीवर झगा फडकवत गाडीवर बसला. कॅमेरा चालू. गाडी सुटली, आन् राणी? जाग्यावर रवंथ करत हुबी!

हिरो परत आला. परत गेला. चारदा! पाचव्या बारीला राणी खालीच बसली. पब्लिक शिट्ट्या मारायला लागली. आप्पांचं तोंड एरंडेल प्याल्यागत झालं.

मी अजून तोऱ्यातच. म्हटलं, "कॅमेऱ्यात तो खटारा दिसतोय, म्हणून सगळा मूड जातोय. थांबा, मीच बाजूला घेतो."

मामा वरडले, "अवो, चालू करू नका!"

मी किक मारली.

फटफटफट! राणी ताडकन उठली. मागं बघतो तर रंगवलेली शिंगं माझ्या पाठीशी! मी गाडी पळवली, ती जोरात सुटली. मी आणखी पळवली, ती आणखी जोरात. "आई गं! वाचवा! मामा, हिला आवरा की!" लोकं दोन्ही बाजूंनी टाळ्या पिटत्यात, मोबाईल धरत्यात. गाडी बंद केली की ती थांबंल, हे मला सुचंल तर शप्पथ! शेवटी वैरणीच्या ढिगात घुसलो, तवा गाडी बंद पडली. राणी शांतपणे वैरण खायला लागली.

कॅमेरा सगळा वेळ चालूच होता. आप्पा धावत आले, डोळ्यांत पाणी. "घावला! चौथ्या भागाचा हिरो घावला!"

मी केसांतनं कडबा काढला. कॉलर नीट केली. "आप्पा, मी तसा लाजरा हाय, पण तुमचा आग्रहच असंल तर..."

"तू न्हवं रं! म्हैस!"

खोटं कशाला बोलू? पिच्चर धो धो चालला. तिकिटं मिळंनात. मी बायकोला घेऊन थाटात पोस्टर बघायला गेलो. वज्रदादाचा झगा घातलेली राणी, आन् खाली छापलंतं, 'कथा: राणी म्हैस'.

तिथनंच आप्पांना फोन लावला. "आप्पा, कथा माझी हाय!"

"तू लिवल्यालं तिनं एक तरी ऐकलं का? घडलं ते सगळं तिच्याच मनानं."

"आन् माझं नाव?"

"टाकलंय की! खाली बघ."

बघितलं. शब्दाला जागला माणूस. सगळ्यात खाली, ठळक अक्षरांत: 'भेदरलेला इसम'. आन् त्याच्यापुढं माझं आख्खं नाव, वडलांच्या नावासकट!