पावणेदोन फूट

निरोप आला तेव्हा मी स्वयंपाकघरात नव्या फळीसाठी भिंतीचं माप घेत होतो. महादेवच्या मुलीनं शेजारी टेलिफोन केला होता. शेजारीण कुंपणापाशी येऊन म्हणाली, "तुमचे झोडेसाहेब सकाळी गेले म्हणे." मी टेपचं टोक भिंतीला लावून तसाच उभा राहिलो. शेवटी बायकोनं टेप माझ्या हातून सोडवून घेतली.

त्याला आता पाच आठवडे झाले. महादेव झोडे हे नाव वाचकांच्या ओळखीचं असण्याचं कारण नाही. तो ड्राफ्ट्समन होता. एका सभागृहाचा जिना, एका रुग्णालयाचे दोन मजले, एका कचेरीचा दर्शनी भाग, असं बरंच काही त्याच्या हातून कागदावर उतरलं आणि लोक ते रोज वापरतात. नकाशावर नाव कंपनीचं असे. खालच्या कोपऱ्यातल्या चौकटीत फक्त दोन माणसांची आद्याक्षरं, नकाशा काढणाऱ्याची आणि तपासणाऱ्याची. काढणारा महादेव, तपासणारा मी. चार वर्षं ही जोडी टिकली. ती कशी मोडली, हे महादेव जाईपर्यंत मी कुणालाही सांगितलेलं नव्हतं.

साठ ते सत्तरच्या दरम्यानची गोष्ट. एका परदेशी वास्तुरचना कंपनीकडे आपल्या भागातली काही सरकारी कामं आली होती. कंपनीची कार्यालयं पाचसहा देशांत, कामं साधारण एकाच जातीची: नगरभवनं, रुग्णालयं, तुरुंग. मूळ आराखडे तिकडून यायचे आणि त्यांवरून बांधकामाचे तपशीलवार नकाशे नागपूरला आमच्या कार्यालयात व्हायचे. दर दोन महिन्यांनी त्यांचा एक साहेब येऊन सगळं पाहून जाई. आम्ही बारा जण होतो. महादेव कुहीकडच्या धानाच्या शेतातून आलेला, बोलायला मोकळा आणि हाताला अतिशय नेमका. त्याची रेघ सुरू होते कुठे आणि संपते कुठे, हे भिंगातूनही सांगता येत नसे. साहेब आला की आधी त्याच्या टेबलापाशी थांबायचा. हे मी तेव्हा मोजत होतो, हे आज लिहायला हरकत नाही.

त्याची एक सवय होती. उभ्यानं तो कुणाशी बोलायचाच नाही. काही विचारायचं असलं की आपलं स्टूल ओढत दुसऱ्याच्या टेबलापाशी यायचा, बसायचा आणि मग तोंड उघडायचा. मी उभ्यानं काही विचारलं तर म्हणायचा, "बस ना गा, वासू. उभा काहून आहे? वसुलीले आला का?" सगळे हसायचे. मीही बसायचो.

तुरुंगाचं काम आलं तेव्हा जुन्या इमारतीची मापं घ्यायला आम्हा दोघांना पाठवलं. गावाचं नाव लिहीत नाही. मुलाखतीच्या खोलीत मध्ये एक भिंत होती आणि भिंतीत गजांच्या खिडक्या, जमिनीपासून जवळजवळ चार फुटांवर. आम्ही टेप लावत होतो तेव्हा एक म्हातारी मुलाला भेटायला आली. चालत आली असावी, पायांवर धूळ होती. दोन मिनिटं उभी राहिली आणि मग गुडघे धरून खालीच बसली. मुलगा पलीकडे गज धरून उभा. शिपाई म्हणाला, "उठा बाई, उभ्यानं बोला." ती म्हणाली, "राहू दे रे बाबा, पाय साथ नाही देत." मग भिंतीकडे तोंड करून मुलाला म्हणाली, "दिसून नाही राहिला तू, पण आवाज येते. जेवतं का बरोबर?" पलीकडून "हो माय," एवढंच आलं... वीस मिनिटं ती त्या भिंतीशी बोलली. परतताना बसमध्ये महादेवनं टेप मांडीवर उघडून चार फुटांवर बोट ठेवलं. मग म्हणाला, "चार फूट कोनं ठरवले असतील गा? ठरवणारा उभा असन."

नव्या इमारतीच्या आराखड्यात ती उंची साडेतीन फूट होती. महिन्याभरानं महादेवचा नकाशा तपासायला माझ्याकडे आला. आमची पद्धत अशी होती की तपासणाऱ्यानं मूळ आराखडा शेजारी ठेवायचा, एकेक आकडा जुळवायचा, बरोबर असेल त्यावर पिवळी पेन्सिल फिरवायची आणि चुकला असेल तिथे लाल. त्या दिवशी शंभरेक आकडे पिवळे झाले आणि मुलाखतीच्या खिडकीपाशी माझा हात थांबला. जमिनीपासून उंची एक फूट नऊ इंच, म्हणजे पावणेदोन फूट. साडेतीनच्या बरोबर निम्मे.

तो आकडा कुठून आला ते मला त्याच क्षणी कळलं. म्हातारी डोळ्यांपुढे आली, बसही आली. महादेवचं टेबल माझ्यापासून सात पावलांवर होतं. स्टूल घेऊन जायचं आणि विचारायचं, "हे साहेबाला सांगितलंस का? नाही तर दोघं मिळून सांगू." एवढंच करायचं होतं. त्यानं विचारायला हवं होतं, हेही खरं. मंजूर आराखडा आपल्या मनानं बदलायचा नसतो. पण मी ती सात पावलं टाकली नाहीत, याचं कारण नियम नव्हतं. त्या महिन्यात आमच्यातल्या एकाला कंपनी सहा महिने आपल्या मुख्य कार्यालयात नेणार होती, आणि तो एक कोण असणार हे सगळ्यांना दिसत होतं.

मी आकड्यावर लाल पेन्सिल फिरवली. इथवर माझं काम होतं. शेरा लिहायच्या रकान्यात मी पुढे लिहिलं: "चुकीची स्केल वापरली." आमच्या तिकोनी स्केलला अनेक कडा असत, एका कडेवर अर्धा इंच म्हणजे एक फूट, दुसरीवर पाव इंच म्हणजे एक फूट. घाईत अर्ध्या इंचाच्या कडेऐवजी पाव इंचाची कड लागली, तर साडेतीन फूट कागदावर पावणेदोनच उतरतात. शिकाऊ माणसाची चूक. निम्मा आकडा पाहून कुणालाही ते पटलं असतं. मला स्वतःला ते खोटं आहे हे माहीत होतं. पुढे कित्येक वर्षं मी मनाशी असा हिशेब मांडला, की मुद्दाम बदललं असं कळतं तर त्याची नोकरी गेली असती, म्हणजे मी त्याला वाचवलंच. हा हिशेब मी अनेकदा तपासला. दर वेळी चुकला.

पुढच्या फेरीला साहेब आला तेव्हा त्यानं महादेवला बोलावलं. मी माझ्या टेबलाशी मान खाली घालून बसलो होतो. साहेबानं शेरा वाचून दाखवला. महादेवनं वळून माझ्याकडे पाहिल्याचं मला जाणवलं. मग तो साहेबाला म्हणाला, "हो साहेब, स्केल चुकली." संध्याकाळपर्यंत त्यानं ब्लेडनं तो आकडा खरवडला, साडेतीन लिहिले आणि नकाशा माझ्याकडे परत पाठवला. स्टूल घेऊन मात्र तो आला नाही. पुढच्या आठवड्यापासून त्याच्याकडे कंपनीचं काम राहिलं नाही, कुंपणाच्या भिंती आणि पाण्याच्या टाक्या आल्या. दोन वर्षांनी तो कळमेश्वरला एका कारखान्यात लागला.

परदेशी मी गेलो. येताना त्याच्यासाठी काय आणावं याचा विचार करून तिथली उत्तम तिकोनी स्केल आणली. ती त्याच्या हातात ठेवेपर्यंत मी काय आणलं आहे हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. त्यानं ती उलटीपालटी करून पाहिली आणि हसला. "झकास आहे गा. आता नाही चुकाची." टोमणा होता की नाही, मला आजही सांगता येत नाही. तो वर्षातून तीनचारदा घरी येत राहिला, माझ्या मुलीच्या लग्नात त्यानं पंगतीत वाढलं. तो भांडला असता तर मला सोपं गेलं असतं.

तुरुंग बांधून झाल्यावर तपासणीला मीच गेलो होतो. मुलाखतीची खिडकी मोजली. साडेतीन फूट, अर्ध्या इंचाचाही फरक नाही. मी सही केली.

शेवटची भेट रुग्णालयात झाली. मी खाटेच्या पायथ्याशी उभा होतो. त्याचा आवाज बारीक झाला होता, तरी म्हणाला, "बस ना गा. उभा काहून?" मी स्टूल ओढून बसलो. त्याची बायको, सुमनवहिनी, पाणी आणायला बाहेर गेल्या. मी म्हटलं, "महादेव... ते खिडकीचं..." त्यानं डोळे मिटून घेतले. वाटलं झोप लागली. मग त्यानं विचारलं, "किती लिवली होती मी?"

"पावणेदोन फूट."

"बराबर लिवली होती."

"मला माहीत होतं."

"मलेही माहीत होतं का तुले माहीत आहे," तो म्हणाला. तेवढ्यात वहिनी आल्या आणि त्यानं माझ्या मुलीची चौकशी सुरू केली. माफी मागायची राहिली... खरं तर राहिली नाही, मी मागितली नाही. त्यानंतर तो अठरा दिवस होता आणि मी पुन्हा गेलो नाही.

तेराव्यानंतर वहिनींनी त्याची एक मापांची वही मला दिली. "तुमच्याच कामाची दिसते, भाऊजी." आत त्या तुरुंगाची मापं होती, अर्धी माझ्या अक्षरातली. पुढच्या पानावर त्याच्या हातची एक आकृती: भिंतीपाशी मांडी घालून बसलेली बाई. खाली लिहिलं होतं, "माय. डोळे २ फूट ३ इंच. वजा ६." म्हणजे तो त्या आठवड्यात गावी गेला होता आणि आईला भिंतीपाशी बसवून त्यानं माप घेतलं होतं. खिडकीचा खालचा काठ तिच्या डोळ्यांच्या सहा इंच खाली, म्हणजे पावणेदोन फूट. मी तर तोवर समजत होतो की आकडा त्यानं अंदाजानं लिहिला असेल.

घरी येऊन मी फळीच्या त्याच भिंतीपाशी मांडी घालून बसलो. बायकोला म्हटलं, "डोळ्यांच्या रेषेत खूण कर." ती म्हणाली, "हे काय करून राहिले तुम्ही?" पण केली. अडीच फूट भरले. मग मी खाली पावणेदोनवर एक खूण केली आणि वर साडेतीनवर एक. पुन्हा बसलो. वरची खूण डोळ्यांपेक्षा पुरी एक फूट उंच होती. तिच्याकडे मान वर करून पाहत राहिलो तर बायको माझ्याशेजारी खाली बसली. "काय झालं ते सांगा आता." तिला सगळं सांगितलं, शेऱ्यातल्या शब्दांसकट. तिनं तिन्ही खुणा एकेक करून पाहिल्या. मग म्हणाली, "वहिनीलेही सांगा. इथं नाही, त्यांच्या घरी जाऊन. बसून."

परवा जाऊन आलो. वहिनींनी ऐकून घेतलं, चहा केला. पुन्हा या, असं मात्र म्हणाल्या नाहीत.

फळी दुसऱ्या भिंतीला बसवली. त्या भिंतीवरच्या तीन खुणा तशाच आहेत. पावणेदोन फुटांच्या खुणेवर मी पिवळी पेन्सिल फिरवली आहे.