पट्ट्याला नमस्कार

एसटीचे एक ड्रायव्हर दर आठवड्याला आमच्या कॉलेजच्या व्यायामशाळेत येतात. बसून काम करणाऱ्यांचा दम किती टिकतो, हा माझा अभ्यास. ट्रेडमिलवर चालवून मी त्यांची नाडी मोजतो. चाचणीआधी खुर्चीत स्वस्थ बसायचं असतं. ते बसतात, खाकी शर्टाची कॉलर सारखी करतात आणि विचारतात, "सर, गाडी काढायची का?" मग ट्रेडमिलपुढं वाकून पट्ट्याला हात लावतात, तो कपाळाला टेकवतात आणि मगच वर चढतात.

वाकलं की नाडी बदलते. "हे प्रोटोकॉलमध्ये बसत नाही," मी टोकलं.

"स्टेअरिंगच्या पाया पडल्याबिगर आमी डेपो सोडत न्हाय सर. हिच्यावर तर पाय द्यायचाय."

त्यांना वगळणं माझ्या जिवावर आलं. चाचणी सगळ्यांची सारखी हवी, म्हणून शेवटी सगळ्यांनाच नमस्कार करून चढायला लावलं.

परवा डेपोतला एक नवा कारकून पट्ट्यापुढं अडखळला. "सर, मशीनच्या पाया कशाला पडायचं?"

मी तोंड उघडायच्या आत मागच्या खुर्चीतून करडा आवाज आला, "प्रोटोकॉल हाय. वाक."