सोनारानं मोजलेली स्प्रिंग

खोडदला आमच्या विहिरीवर इलेक्ट्रिक मोटर आहे, पण आईचा जीव जुन्या ऑइल इंजिनात. लग्न होऊन आली तेव्हापासून हँडल मारून ते चालू करायचं काम तिचंच. गेल्या हिवाळ्यात मी पुण्याहून माहेरी गेले, तर इंजिन बंद आणि आईचं तोंड पडलेलं. इंजिनाच्या एका व्हॉल्व्हची स्प्रिंग तुटली होती. बेल्हे, जुन्नर, कुठंच तसली मिळेना. शेवटी मी पुण्यातल्या एका स्प्रिंगवाल्याला फोन लावला.

"करून देतो," तो म्हणाला. "तारेची जाडी, बाहेरून रुंदी, लांबी आणि वेढे सांगा. जाडी पट्टीनं मोजू नका, चुकेल."

एवढं बारीक कोण मोजणार?

"सोनार मोजतो की तार," आई म्हणाली.

तुटलेली एक आणि दुसऱ्या व्हॉल्व्हची धड एक, अशा दोन्ही स्प्रिंगा फडक्यात बांधून आम्ही स्कूटीवर नारायणगाव गाठलं. आमच्या सोनाराकडे लग्नाची खरेदी चालली होती. आईनं सरळ काउंटरवर गाठोडं सोडलं. सोनारानं मखमलीचा ट्रे घाईघाईनं मागं ओढला.

"मावशी, मोडीत घालायचंय का हे?"

"मोडलेलंच हाय, भाऊ. नवं घडवायचंय. माप तेवढं घे."

दुकानात हशा पिकला. सोनारानं खरंच व्हर्नियर काढला आणि तारेची जाडी अशी निगुतीनं घेतली, जणू गंठणच करायचंय. नवरीमुलगी पुढं सरकली आणि मेंदीच्या बोटानं धड स्प्रिंगचे वेढे मोठ्यानं मोजू लागली. मी तिथूनच फोनवर मापं सांगितली.

"ती धड दिसली तरी वापरून दबून आखूड झाली असणार," स्प्रिंगवाला म्हणाला. "जरा लांब करतो. आणि दोन्ही नव्याच टाका."

नव्या स्प्रिंगांचं कुरिअर खोडदला आलं, तेव्हा मी मुद्दाम पुन्हा सुट्टी काढून पुण्याहून गेले. पहिली स्प्रिंग बसली. दुसरी दाबताना माझा हात सटकला आणि ती टणकन उडून कांद्याच्या वाफ्यात गेली. आम्ही दोघी गुडघ्यावर बसून पात चाळत होतो. आई हसून हसून बेजार. "लई मोठी इंजिनवाली!" ती म्हणाली, आणि मग मलाही हसू आवरेना. सापडली एकदाची, चिखलानं माखलेली. धुऊन, पुसून बसवली.

आईनं पदर खोचला. हँडलचे दोन फेरे रिकामे गेले. तिसऱ्याला इंजिन खोकलं, काळा धूर सोडला आणि धडधडायला लागलं. पाइपातून पाणी उसळलं तशी आई ओरडली, "अगं, बघत काय ऱ्हायलीस? बारं धर!"

मी चपला फेकल्या आणि वाफ्यांत पाणी वळवायला फावडं घेऊन पाण्यात उतरले.