पीडीएफताईंनी दाखल केलेली केस

कोर्टासमोरच्या गाळ्यात माझं झेरॉक्सचं मशीन आणि प्लायवूडच्या पडद्याआड पीडीएफताईंचं कॉम्प्युटर-स्कॅनर, असा आमचा संसार. हे नाव त्यांना वकिलांनीच ठेवलं. कोर्टाचं कामकाज ऑनलाइन झालं आणि भलेभले वकील पासवर्ड विसरून त्यांच्या दारात उभे राहू लागले, तेव्हापासूनचं. पान तिरकं स्कॅन झालंय, सही राहिलीय, फाइल फार जड झालीय, हे त्या चष्मा न लावता सांगायच्या. त्यांनी दाखल केलेलं प्रकरण त्रुटी काढून परत आलंय, असं मी कधी पाहिलं नाही. आणि त्याचा तोरा काही कमी नव्हता. सिनियर वकिलालाही त्या म्हणायच्या, "साहेब, कायदा तुमचा, पण अपलोड माझं. मध्ये बोलू नका."

एक मात्र होतं. कागद त्या बघायच्या, वाचायच्या नाहीत. "लोकांची भांडणं वाचत बसले तर जेवण जाणार नाही," असं त्यांचं म्हणणं. मला ते पटायचं. मी इतक्या लोकांच्या घटस्फोटाच्या प्रती काढल्यात, पण नवरा-बायकोची नावं विचाराल तर सांगता येणार नाहीत.

त्या दिवशी एका वकिलाचा कारकून पेन ड्राइव्ह टाकून चहाला पळाला. ताईंनी काम सुरू केलं. अर्जदाराचं नाव कॉपी, पेस्ट. सामनेवालीचं नाव कॉपी, पेस्ट. पत्ता, फोन नंबर, सगळं तसंच. तोंडानं माझ्या मशीनच्या आवाजाबद्दल मला फैलावर घेणं चालूच होतं. शेवटचं बटण दाबलं, प्रकरण दाखल झालं. आणि त्यांच्या फोनवर मेसेज वाजला.

"बघा," त्या हसत म्हणाल्या, "माझ्याविरुद्ध केस दाखल झालीय म्हणे! कुणीतरी आंधळ्यानं नंबर चुकवला. असल्या लोकांना कॉम्प्युटरला हात लावू देऊ नये."

मीही हसलो. मग त्यांनी मेसेजमधला क्रमांक बघितला, समोर स्क्रीनवरचा बघितला, पुन्हा मेसेजमधला बघितला. चेहरा पांढराफटक पडला. मी मशीन बंद करून आत गेलो, तर त्या आयुष्यात पहिल्यांदा एखादा अर्ज वाचत होत्या.

अर्ज त्यांच्या सख्ख्या धाकट्या भावाचा होता. आईची स्मरणशक्ती गेली आहे, ती स्वतःचे निर्णय घेऊ शकत नाही, सबब तिचा पालक म्हणून मला नेमावं आणि तिचा ताबा मला द्यावा. सामनेवाली म्हणून बहीण, माहेरच्या आडनावानं. कोर्टानं हा अर्ज मान्य केला, तर आई भावाच्या शहरात जाणार. आणि ताईंचं घर म्हणजे तरी काय? त्या आणि आई. बस्स.

"मागे घेता येतं का हो?" असं त्यांनी मला विचारलं. मला! ज्याला ईमेल उघडता येत नाही त्याला. एकदा दाखल झालेलं असं मागे घेता येत नाही, हे सगळ्या वकिलांना त्याच सांगायच्या.

भावाला फोन लावला. तो एवढंच म्हणाला, "ताई, कोर्टातच बोलू." यावर माझं डोकं फिरलं. घरावर डोळा असणार, दुसरं काय, असं मी बोलून गेलो. आगीत तेल ओतण्यात माझा हात कुणी धरणार नाही. ताईंनी त्याच रागात उत्तर लिहिलं: आईची बुद्धी शाबूत आहे, भाऊ धादांत खोटं बोलतो आहे. तेही स्वतःच अपलोड केलं. अर्थात, त्रुटी निघाली नाही.

आजींच्या, म्हणजे ताईंच्या आईच्या, गुडघ्यांना कोर्टाचा जिना चढवेना, म्हणून सुनावणी व्हिडिओवर ठरली. आमच्याच गाळ्यात. आजी नीट विंचरून, इस्त्रीचं पातळ नेसून खुर्चीत बसल्या. स्क्रीनवर जज मॅडम दिसू लागल्या.

"कॅमेरा फिरवा, खोलीत कोण कोण आहे?"

ताईंनी कॅमेरा फिरवला आणि कोर्टाला मी दिसलो, हातात कागदाचा गठ्ठा धरलेला. मी उगाच नमस्कार केला.

"दोघंही बाहेर थांबा. मला आजींशी एकट्यांशी बोलायचंय."

बाहेर आलो, पण प्लायवूड ते केवढं! आजींना ऐकू कमी येतं म्हणून स्पीकर मोठा ठेवलेला. लांब जायला हवं होतं, दोघांनाही कळत होतं. दोघंही हललो नाही.

आज वार कोणता? आजींनी बरोबर सांगितला. कुठं राहता? घर, गल्ली, मजला, सगळं धडाधड. ताईंनी माझा दंड घट्ट धरला. जिंकलो, असंच मला वाटलं.

"मग तुमचा मुलगा खोटं बोलतोय का आजी?"

"नाही हो. मीच सांगितलं त्याला अर्ज करायला."

माझ्या दंडावरचा हात सुटला.

"आत्ता सांगितलं ते पोरीनं पाठ करून घेतलंय," आजी म्हणत होत्या. "परवा आपल्याच घराचं दार सापडेना मला. शेजारणीनं आणून सोडलं. गॅस उघडा राहिला. हिला सांगितलं, तर म्हणते, आई, वय झालं की होतं असं, चल जेवायला. किती वेळा सांगितलं! ऐकूनच घेत नाही. पण कोर्टातून काही आलं की ते मात्र तिला मानावंच लागतं. म्हणून मुलाला म्हटलं, कर बाबा केस."

मी हबकलो. ज्या भावाला मी महिनाभर शिव्या घालत होतो, तो आईचं ऐकत होता.

"म्हणजे तुम्हाला मुलाकडे राहायचंय?" मॅडमचा आवाज मऊ झाला होता.

"छे! हिच्याकडेच राहायचंय. दुसरीकडे करमायचं नाही मला. फक्त तुम्ही तिला सांगा, मला आता एकटीला घरात ठेवू नकोस म्हणून. मला भीती वाटते हो."

ताई भिंतीला टेकून उभ्या होत्या. तोंड उघडं, डोळे कोरडे. मी काही बोलायला गेलो तर त्यांनी नुसता हात वर केला.

"आजी, मुलीला आत बोलवा," मॅडम म्हणाल्या.

आजींनी मोठ्यानं हाक मारली. हाक ताईंच्या नावाची नव्हती. ते त्यांच्या मावशीचं नाव होतं. मावशी जाऊन कितीतरी वर्षं झाली होती.

"आले," ताई म्हणाल्या आणि आत गेल्या.